लॅव्हेंडर लावायचं कधी आणि पारखायचं कसं? गोव्याच्या हवेतले अनुभव

खाजन · १८ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. गेल्या पावसाळ्यापासून या मेपर्यंत मी लॅव्हेंडरची सहा अत्तरं आलटून पालटून लावली आणि वहीत नोंदी ठेवल्या. त्या इथे मांडतेय. तुमचेही अनुभव हवे आहेत.

सुरुवात एका बोचऱ्या वाक्याने झाली. वाढदिवसाला मिळालेलं लॅव्हेंडर लावून ऑफिसला गेले, तर शेजारच्या टेबलावरून प्रश्न आला, "आज फिनेलने पुसलंय का?" मला ते फार लागलं, कारण घरून निघताना तोच वास मला सुरेख वाटला होता. मग तासाभरात नक्की बिघडलं काय, हे शोधायचं ठरवलं.

मी चोडणला राहते, नोकरी पणजीत पाटोला. सकाळी रायबंदरची फेरीबोट, पुढे बस, मग दिवसभर एसी, संध्याकाळी तेच उलट. म्हणजे एकाच दिवसात अत्तराला तीन हवा भेटतात: नदीवरचा दमट वारा, बसमधला घाम आणि ऑफिसातली कोरडी थंडी. या तिन्हींतून जे नीट पार पडतं ते आपल्या कामाचं. दुकानातल्या कागदी पट्टीवर पहिल्या मिनिटाला काय वाटलं, त्याला माझ्या लेखी फार किंमत उरलेली नाही.

माझ्या त्या बाटलीचं कोडं कापराने सुटलं. बाजारात ज्याला सरसकट लॅव्हेंडर म्हणतात त्यात निदान तीन झाडं आहेत. खरं लॅव्हेंडर डोंगराळ थंडीतलं. फ्रान्सच्या प्रोव्हान्समध्ये ते साधारण ८०० मीटरच्या वर चांगलं येतं. त्याचा वास मऊ, गोडसर, थोडा फळासारखा. दुसरं स्पाइक लॅव्हेंडर, खालच्या उष्ण उतारांवरचं, उग्र. या दोघांच्या संकरातून झालेलं तिसरं ते लॅव्हेंडिन. त्याला बी धरत नाही, कलमांवर वाढवावं लागतं, पण तेल भरपूर देतं आणि स्वस्त पडतं. साबण, धुलाईची पावडर, फरशीचं द्रव यांत बहुतेक हेच असतं. खऱ्या लॅव्हेंडरपेक्षा त्यात कापराचा अंश बराच जास्त. मेच्या उकाड्यात वरचे गोड पदार्थ भरकन उडाले आणि त्या कापरी, औषधी धारेला झाकायला काही उरलं नाही. सहकारिणीचं नाक चुकलं नव्हतं. फरशीच्या द्रवात जे असतं तेच तिला माझ्या मनगटावर सापडलं.

तेव्हापासून मी एक पद्धत धरली आहे. सकाळी आंघोळीनंतर, अंग पूर्ण कोरडं झाल्यावर, कोपराच्या आतल्या बाजूला एक फवारा. चोळायचं नाही. पहिला वास फेरीवर घ्यायचा, साधारण दहाव्या मिनिटाला. दुसरा ऑफिसात बसल्यावर, तासाभराने. तिसरा दुपारी जेवणानंतर, चौथ्या तासाला. लॅव्हेंडरच्या बाबतीत हा तिसरा वास सगळ्यांत महत्त्वाचा, कारण तोवर लॅव्हेंडर स्वतः जवळजवळ गेलेलं असतं. ते हलकं आहे, थांबत नाही. मागे कोण थांबलंय, त्यावरून अत्तर बनवणाऱ्याचा हात कळतो.

माझ्या वहीतली काही पानं:

गेर्लांचं जिकी, १८८९ सालचं. सुरुवातीला लॅव्हेंडर आणि लिंबूवर्गीय झुळूक, खाली व्हॅनिला, आणि मधेच जनावराच्या अंगासारखी एक ऊब, जिवंत. १०० वर्षांहून जुनं असूनही ते मला धीट वाटतं. फेरीवर खारफुटीच्या चिखलाचा वास आला की ती ऊब त्याच्याशी अशी मिसळते की नाक हटत नाही. पावसाळ्यात हेच लावावं. उन्हाळ्यात मला पेलवलं नाही.

कॅरनचं पूर अँ ऑम, १९३४. नावाने पुरुषांचं, पण मी बिनधास्त लावते. लॅव्हेंडर आणि व्हॅनिला, आणि दोघांच्या मधे गर्दी नाही. चौथ्या तासाला कोपरावर उरते ती दूध आटवल्यासारखी गोडी. मऊ, स्वच्छ. सहांतलं माझं सगळ्यांत लाडकं.

इव सँ लोराँचं लिब्र, २०१९. लॅव्हेंडरला संत्र्याच्या फुलांशी जोडलंय. एसीत हे खुलतं. लग्नसमारंभाला छान.

यार्डलीचं इंग्लिश लॅव्हेंडर तर आपल्या घराघरांत पावडरच्या डब्यातून आलेलं आहे. १८७३ पासूनची ही परंपरा. आंघोळीनंतरचा ताजेपणा एवढीच अपेक्षा ठेवून लावलं की मन भरतं.

उरलेल्या दोन बाटल्यांबद्दल लिहीत नाही. एक ती कापराची आणि दुसरी बाजारात घेतलेली, जिच्या खरेपणाबद्दल मला आजही शंका आहे.

तुम्ही काय लावता, केव्हा लावता, कुठे फसलात, ते लिहा.

---

नवी पालवी · १८ मे, रात्री १०.१५

सुंदर लिहिलंय ताई. मला एकच विचारायचं आहे. कोपरच का? सगळे मनगट सांगतात.

---

खाजन · १८ मे, रात्री १०.३१

मनगट दिवसभरात दहा वेळा धुतलं जातं, टेबलावर घासतं, घड्याळाचा पट्टाही तिथेच. कोपराची आतली बाजू झाकलेली आणि उबदार. हात दुमडला की वास आत राहतो, पाहिजे तेव्हा उघडून घेता येतो.

---

ओवळां · १९ मे, सकाळी ७.०५

मी थोडं वेगळं बोलते, राग मानू नका.

आपल्याकडे मार्च-एप्रिलात सुरंगी फुलते. एक वळेसर, म्हणजे फुलांची माळ, घरात आणली तर दुसऱ्या दिवशीही खोली दरवळत असते. ओवळां, म्हणजे बकुळीची फुलं, सुकली तरी वास सोडत नाहीत, आजी ती पेटीत लुगड्यांच्या घडीत ठेवायची. श्रावणात जायो (जाईची फुलं), उन्हाळ्यात मोगरा. एवढं अंगणात असताना थंड डोंगरातल्या झुडपाचा अर्क का लावायचा, हे मला खरंच समजत नाही. तो वास मला कधीच 'आपला' वाटला नाही. हॉटेलातल्या न्हाणीघराचाच वाटतो.

---

पांढरी चादर · १९ मे, दुपारी २.५०

हॉटेलचा विषय निघालाच आहे तर लिहितो. मी बारा वर्षं कळंगुटच्या बाजूला हाउसकीपिंगमध्ये आहे. रात्रीच्या पाळीला उशांवर लॅव्हेंडरचं पाणी फवारायची पद्धत आमच्याकडे आहे. पाहुण्यांना ते आवडतं, शांत वाटतं म्हणतात. पण रोज वीस खोल्या फवारल्यावर आम्हाला तो वास येईनासा होतो. एकदा नव्या मुलाने वास येत नाही म्हणून दुप्पट मारलं आणि पाहुण्यांनी खोली बदलून मागितली. मुलाची चूक नव्हती, त्याचं नाकच थकलं होतं.

अत्तर लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. स्वतःला येत नाही म्हणून दुपारी परत फवारू नका, शेजारच्याला येत असतो. नाक ताजं करायला दुकानात कॉफीच्या बिया पुढे करतात. मी बाहेर जाऊन पाच मिनिटं वारा घेतो, नाहीतर आपल्याच धुतलेल्या बाहीचा वास घेतो. तेवढं पुरतं.

---

प्रयोगवही · १९ मे, रात्री ८.२०

मी उच्च माध्यमिकला रसायनशास्त्र शिकवतो. ओवळांबाय, तुमच्या प्रश्नाचं एक उत्तर तुमच्याच स्वयंपाकघरात आहे.

खऱ्या लॅव्हेंडरच्या तेलाचा अर्ध्याहून जास्त भाग दोन पदार्थांचा असतो: लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट. यातलं लिनालूल धण्यांच्या तेलाचा सगळ्यांत मोठा घटक आहे. मूठभर धणे न भाजता खलात भरडा आणि लगेच हुंगा. मसाल्याचा भास बाजूला सारलात तर वर एक फुलासारखा, किंचित लिंबाळ वास तरंगतो. तो लिनालूल. जाईतही तो आहेच.

पण एक बारकावा. लॅव्हेंडरमधलं लिनालूल आणि धण्यांतलं लिनालूल हे डाव्या-उजव्या हातांसारखे आहेत. घडण तीच, पण एकमेकांवर बसत नाहीत, आणि नाकालाही थोडे निराळे लागतात. कारखान्यात साध्या पद्धतीने बनवलेल्या लिनालूलमध्ये दोन्ही हात सारख्या प्रमाणात येतात. त्यामुळे 'शुद्ध' म्हणून विकलेल्या तेलात भेसळ आहे का, हे प्रयोगशाळेत या डाव्या-उजव्याच्या प्रमाणावरून पकडता येतं.

खाजनताई, आणखी एक सावधगिरी. लिनालूल उघड्या हवेत ठेवलं की ऑक्सिजनशी संयोग होऊन त्यातून त्वचेला खाज आणणारे पदार्थ तयार होतात. ताजं तेल सहसा त्रास देत नाही, जुनं उघडं राहिलेलं देतं. म्हणून युरोपात बाटलीवर लिनालूलचं नाव छापावं लागतं. आपल्याकडे बाटली न्हाणीघराच्या खिडकीत किंवा गाडीच्या कप्प्यात ठेवायची नाही. कपाटात, खोक्यातच, अंधारात.

---

वस्तरा · २० मे, दुपारी १.३०

म्हापशाला आमचं केस कापायचं दुकान, वडिलांच्या वेळेपासून. दाढी झाल्यावर जे लावायचो त्याचा वास असाच होता, लॅव्हेंडर आणि खाली काहीतरी सुकं, गोड. मला कधी कळलं नाही की सगळ्या न्हाव्यांच्या दुकानांना हाच वास का. सर, सांगाल का?

---

प्रयोगवही · २० मे, रात्री ९.००

वस्तराबाब, प्रश्न फार चांगला. याचं मूळ १८८२ मध्ये आहे. पॅरिसच्या ऊबिगाँ या घराण्यासाठी पॉल पार्के यांनी 'फुजेर रॉयाल' नावाचं अत्तर केलं. फुजेर म्हणजे नेचा. नेच्याला स्वतःचा म्हणावा असा वास फारसा नसतो. जंगलात नेच्याखाली बसल्यावर काय वाटेल, ते त्यांनी कल्पनेने रचलं. त्याचे तीन खांब: वर लॅव्हेंडर, मधे-खाली कुमारिन, आणि तळाला ओक झाडावरचं 'मॉस'.

कुमारिन म्हणजे वाळत घातलेल्या गवताचा गोड वास. विल्यम पर्किन यांनी १८६८ मध्ये ते प्रयोगशाळेत बनवलं होतं, म्हणून पार्केंना ते सहज मिळालं. तुम्ही म्हणता ते 'सुकं, गोड' म्हणजे हेच. ही रचना इतकी रुजली की पुरुषांच्या अत्तरांचं एक सबंध कुळच 'फुजेर' म्हणून ओळखलं जातं. दाढीचा साबण, दाढीनंतरचं पाणी, सगळं त्याच वळणाचं. १९६४ चं ब्रूट, १९७८ चं अझारो पूर ऑम, १९८२ चं द्राकार न्वार ही त्याच कुळातली. १९९५ च्या ल माल मध्ये त्याच लॅव्हेंडरला पुदिना आणि भरपूर व्हॅनिला जोडलंय.

आता मसाल्याचा डबा पुन्हा उघडूया. धण्यांत लिनालूल. बाजारात दालचिनी म्हणून मिळणारी जाड साल, कॅसिया, तिच्यात कुमारिन. आणि 'ओकमॉस' नावाने मॉस असलं तरी ते शेवाळ नव्हे, ती झाडावर वाढणारी दगडफुलाची भावंडं. आपलं मसाल्यातलं दगडफूल त्याच वर्गातलं. तिन्ही एका ताटलीत ठेवा, दगडफूल जरा गरम करून. अत्तर होणार नाही, पण पार्केंनी काय शेजारी शेजारी बसवलं त्याचा अंदाज येईल. मी हा प्रयोग वर्गात करतो. मुलांना रेणूंची नावं त्या दिवशी पाठ करावी लागत नाहीत.

---

वस्तरा · २० मे, रात्री ९.४८

सर, आत्ताच दगडफूल तव्यावर धरलं. बायको विचारतेय काय चाललंय. तळाचा वास अगदी ओळखीचा निघाला. वडिलांच्या दुकानातल्या लाकडी कपाटाचा. धन्यवाद.

---

मठग्रामस्थ · २१ मे, सकाळी ११.१०

मडगावला आमच्या शेजारच्या जुन्या घरात एक वयस्क बाई होत्या, पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या. त्या लॅव्हेंडर कधीच म्हणत नसत. म्हणत 'आल्फाझेमा'. कपाट उघडलं की पांढऱ्या चादरींतून तो वास यायचा, छोट्या कापडी पुरचुंड्या ठेवलेल्या असत. पुढे शब्दकोशात पाहिलं तेव्हा कळलं की हा पोर्तुगीज शब्द अरबी 'अल्-खुझामा'वरून आलाय. आणि 'लॅव्हेंडर'चा संबंध लॅटिनमधल्या 'धुणे' या अर्थाच्या क्रियापदाशी जोडतात. धुतलेल्या कपड्यांशी त्याचं नातं नावातूनच दिसतं.

म्हणून ओवळांबाय, गोव्याला हा वास अगदीच परका नाही. काही घरांत पिढ्यान्‌पिढ्या होता, फक्त अंगणात न फुलता कपाटात राहिला. तुमच्या आजी लुगड्यांत ओवळां ठेवायच्या, या बाई चादरींत आल्फाझेमा. मला दोन्ही एकाच मायेचे वाटतात.

---

नवी पालवी · २१ मे, दुपारी ४.२५

मला अर्धशिशी आहे. ऑफिसात कोणी जोरदार काही लावून आलं की दिवस वाया जातो. लॅव्हेंडर शांत करतं म्हणून मैत्रिणीने दिलं, पण मला त्यानेच दुखायला लागलं. माझंच काही चुकतंय का?

---

खाजन · २१ मे, रात्री १०.०५

तुमचं काही चुकत नाही. शांत वाटणं प्रत्येकाच्या डोक्यावर आणि आठवणींवर असतं. ज्याने दुखतं ते लावू नका, मैत्रिणीला मोकळेपणाने सांगा. आणि आम्हा लावणाऱ्यांसाठी: बंद खोलीत, बसमध्ये, दवाखान्यात आपला वास हातभर अंतराबाहेर जाता कामा नये. भरलेल्या बसमध्ये माणसाला दूर सरकायची सोय नसते. मी ऑफिसच्या दिवशी एकच फवारा मारते, तोही कपड्याखाली.

मठग्रामस्थ, 'आल्फाझेमा' हा शब्द आजपासून माझा. वहीवर तोच घालते.

ओवळांबाय, तुमचं म्हणणं दोन दिवस डोक्यात आहे. सुरंगीला पर्याय नाही, हे मी मनापासून मान्य करते. सुरंगी खोली भरून टाकते, माणसाला स्वतःकडे ओढते. लॅव्हेंडर मला त्या अंगाने लागतच नाही. घामट दिवसात अंगावर नुकतीच धुतलेली चादर ओढल्यासारखं ते वाटतं. आणि दोघांची सांगड बसते असं मला वाटतं. लिब्रमध्ये लॅव्हेंडरशेजारी संत्र्याची फुलं आहेतच. तसं केसांत जायांची फांती, म्हणजे गजरा, आणि कोपरावर लॅव्हेंडर का नको? मी अजून करून पाहिलेलं नाही. श्रावणात म्हार्दोळच्या जायो मिळतील तेव्हा तुम्हीच करून बघाल का? कॅरनचं थोडं छोट्या कुपीत काढून देते.

---

पांढरी चादर · २२ मे, सकाळी ६.४०

एक राहिलं. काश्मीरचं लॅव्हेंडर कोणी वापरलंय का? जम्मूच्या भदरवाह भागात मक्याऐवजी शेतकरी ते लावू लागलेत. आमच्याकडे एक पाहुणे तिथलं तेल घेऊन आले होते. उघडल्यावर कापूर जवळजवळ नव्हताच.

---

प्रयोगवही · २२ मे, रात्री ८.३०

बरोबर. सीएसआयआर या केंद्राच्या वैज्ञानिक संशोधन संस्थेच्या 'अरोमा मिशन'खाली जम्मूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ इंटिग्रेटिव्ह मेडिसिनने शेतकऱ्यांना रोपं आणि तेल काढायची यंत्रं पुरवली. वर्तमानपत्रं त्याला 'जांभळी क्रांती' म्हणतात. उंची आणि थंडी दोन्ही असल्याने तिथे खरं लॅव्हेंडर येतं. मी मागवून पाहिलं, मलाही मऊ लागलं. पण तेल थेट अंगावर लावू नका. खोबरेल तेलात दोन-चार थेंब टाकून आधी हातावर एका जागी लावून एक दिवस वाट पाहा.

---

ओवळां · १७ ऑगस्ट, रात्री ९.१५

धागा वर काढतेय. खाजनताईंची कुपी जूनमध्येच मिळाली होती, फेरीच्या धक्क्यावर भेटून दिली त्यांनी. पण मी जायोंची वाट पाहिली.

गेल्या रविवारी म्हार्दोळला म्हालसेच्या देवळात गेले. देवळाबाहेर फांती घेतली, कळ्या अजून मिटलेल्या. कोपरावर दोन फवारे. पहिला तास अजिबात जमलं नाही. लॅव्हेंडर पुढे पुढे करत होतं आणि कळ्यांचा वास दबला. मला वाईट वाटलं, थोडा रागही आला. पाऊस होता, तळीच्या कडेला थांबले. दुपारी कळ्या उमलायला लागल्या आणि तोवर लॅव्हेंडर खाली बसलं होतं. तेव्हा जे झालं ते मला नीट सांगता येत नाही. जाईचा जो जड, डोकं धरणारा भाग असतो तो हलका झाला, आणि खालून ती आटवलेल्या दुधाची गोडी आली. माझी बहीण शेजारी बसली होती. तिने विचारलं, या फांतीच्या जायो कुठल्या.

सुरंगीबरोबर मी हे कधी करणार नाही. सुरंगीला सोबत लागत नाही, माझं ते मत तसंच आहे. पण जायोंबरोबर पुन्हा लावेन. दोन फवारे जास्त होतात, एक पुरे. आणि फांती माळायच्या दोन तास आधी मारायचा, म्हणजे कळ्या उमलेपर्यंत तो मागे सरलेला असतो.

---

खाजन · १७ ऑगस्ट, रात्री ९.५२

दोन तास आधी. वहीत लिहून घेतलं. येत्या रविवारी मीही म्हार्दोळला येते.